झडती, जप्ती आणि पंचनाम्याची भाषा
नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एका घटनात्मक प्रश्नाचा विचार

पोलीस अधिकारी एखाद्या घराची झडती घेतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. घरातील पेट्या उघडल्या जातात, अंथरुणे उलगडली जातात, काही जिन्नस उचलून नेले जातात. ही पहिली गोष्ट. या साऱ्याचा एक कागद तयार होतो; ही दुसरी. पहिली गोष्ट तासा-दोन तासांत आटोपते. कागद मात्र मागे राहतो, आणि पुढे खटला उभा राहिला तर त्या घरात काय घडले हे न्यायासनासमोर मुख्यत्वे त्याच्याच आधारे सांगितले जाते. या कागदास पंचनामा म्हणतात.

झडतीच्या अधिकारावरील घटनात्मक मर्यादा हा सामान्यतः विधिशास्त्राचा विषय समजला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु भारतात या मर्यादांचा इतिहास असा घडला आहे की, त्यांचे प्रत्यक्ष बळ घटनेच्या एखाद्या कलमापेक्षा त्या कागदाच्या खरेपणावर अधिक अवलंबून राहिले. कागदाचा खरेपणा हा काही अंशी त्याच्या भाषेचा प्रश्न आहे. हे कसे घडले आणि नांदेड-लातूरसारख्या बहुभाषी प्रदेशात त्यामुळे कोणता प्रश्न उभा राहतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. शब्दांची कुळकथा

‘झडती’ या शब्दाचे नाते ‘झडणे-झाडणे’ या धातूंशी आहे. वस्त्र झाडले असता त्यात दडलेले खाली पडते, ही त्यामागील मूळ कल्पना. जुन्या मराठी दप्तरांत मात्र हा शब्द हिशेबाच्या संदर्भात भेटतो. जमाखर्चाची छाननी करून तयार केलेला कागद म्हणजे झडती. हा दुसरा अर्थ आज लोपल्यासारखा असला तरी लेखाच्या अखेरीस त्याची आठवण करणे इष्ट ठरेल. ‘जप्ती’ हा शब्द अरबी ‘जब्त’ शब्दावरून आलेला असून आवरणे, ताब्यात घेणे हा त्याचा अर्थ. ‘पंचनामा’ हा तर उघडच संकर आहे : ‘पंच’ संस्कृत, ‘नामा’ फारसी. शासकीय अनुवादांत जप्तीसाठी ‘अभिग्रहण’ आणि वॉरंटासाठी ‘अधिपत्र’ हे शब्द योजण्यात आले. परंतु पोलीस ठाण्याच्या आणि गावाच्या बोलण्यात जप्ती व वारंट हेच टिकले.

मराठवाड्यात या शब्दकुळात आणखी एक भर आहे. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यकारभाराची भाषा म्हणून फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि कचेरी, अदालत व पोलीस यांचा व्यवहार १९४८ पर्यंत प्रामुख्याने तिच्यातच चालला. नांदेड हा तेव्हा त्या संस्थानाचा एक जिल्हा, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्यामुळे पुणे-साताऱ्याकडे जी ‘झडती’, ती येथील जुन्या पिढीच्या तोंडी ‘तलाशी’ होती. ज्या कागदावर आपण अंगठा उठवीत आहोत त्यात काय लिहिले आहे हे न कळणे, हा या प्रदेशातील मराठी शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. सभांवर निर्बंध घालणारी ५३ क्रमांकाची गश्ती येथील राजकीय आठवणीत आजही आहे. नागरिकाच्या स्वातंत्र्याची सीमा विधिमंडळाच्या कायद्याने नव्हे, तर खात्याच्या परिपत्रकाने ठरत असे, याची ती खूण होय.

१९४७-४८ साली तर परिपत्रकाचीही गरज उरली नाही. लातूर येथे वकिली करणाऱ्या कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी गावोगाव घरांत शिरून केलेली लुटालूट सर्वश्रुत आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तेच भय अनेक मुसलमान कुटुंबांच्या वाट्यास आले. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बीदर यांच्याबरोबर नांदेडचाही समावेश केला आहे. आपल्या घराचा उंबरठा कोणीही, कोणताही आदेश न दाखविता ओलांडू शकतो, हा अनुभव अशा रीतीने या भूमीतील दोन्ही समाजांनी एकाच वर्षात घेतला. भारतीय घटनेचा अंमल येथे सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर.

२. घटनासमितीतील एक गळालेले कलम

झडतीचा कागद माणसाचे भवितव्य कसे ठरवू शकतो याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्वातंत्र्यपूर्व काळातील आहे. जून १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाल्यावर पुण्यातील त्यांच्या घराची झडती घेण्यात आली आणि स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक पोस्टकार्ड सरकारच्या हाती लागले. खटला होता ‘केसरी’तील लेखांबद्दल, पण ते कार्ड लेखकाच्या मनातील हेतूचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. स्फोटकांच्या कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती नावे टिपली होती, हे टिळकांचे स्पष्टीकरण. ज्युरीत सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ होते. मूळ मराठी लेख आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर यांतील अंतर दाखविण्यात टिळकांनी आपल्या सुमारे २१ तासांच्या भाषणाचा मोठा भाग खर्ची घातला. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. झडतीत सापडलेला कागद आणि न्यायाधिकाऱ्यांना न कळणारी भाषा, या दोन्ही गोष्टी त्या एकाच खटल्यात एकत्र आल्या होत्या.

असा अनुभव पाठीशी असता स्वतंत्र भारताच्या घटनेत झडतीविरुद्ध संरक्षण देणारे कलम असेल, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ साली सादर केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तसे कलम होते. शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असा अमेरिकेच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवरील त्याचा आशय होता. कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यातही घराच्या अनतिक्रमणीयतेचा उल्लेख होता. परंतु न्यायालयाच्या वॉरंटाखेरीज झडतीच नाही असा याचा अर्थ झाला, तर पोलिसांच्या तपासाचे काम अडेल, अशी शंका घटनाविषयक सल्लागार बी. एन. राव यांनी व्यक्त केली. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचाही विरोध होता. सल्लागार समितीच्या स्तरावर हे कलम गळाले.

त्याला पुन्हा जीवदान देण्याचा प्रयत्न मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी केला. ३ डिसेंबर १९४८ च्या चर्चेत त्यांनी त्याच आशयाची दुरुस्ती मांडली, आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. त्यांचा युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. या तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेतच, तेव्हा त्यात नवे काही नाही. पण उद्याचे विधिमंडळ त्या रद्द करू शकेल, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या इतक्या महत्त्वाच्या आहेत की, त्या विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणेच इष्ट, असे त्यांचे म्हणणे होते. मतदान लांबले आणि अखेर दुरुस्ती फेटाळली गेली. जी मर्यादा घटनेत यावयाची ती साध्या कायद्यात राहिली. ज्या संहितेवर ही मर्यादा सोपविली गेली ती १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता मराठवाड्यात लागू झाली ती १ एप्रिल १९५१ पासून.

३. न्यायालयांचा दीर्घ वळसा

घटनेत कलम नाही, या वस्तुस्थितीचा पहिला परिणाम १९५४ साली दिसला. एम. पी. शर्मा विरुद्ध सतीश चंद्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठापुढे प्रश्न असा होता की, झडतीचे वॉरंट काढून आरोपीची कागदपत्रे जप्त करणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे होय काय? अनुच्छेद २०(३) तशा सक्तीस मनाई करतो. न्यायालयाचे उत्तर नकारार्थी होते. झडती ही आरोपीची कृती नसून अधिकाऱ्याची कृती आहे. आणि घटनाकारांनी अमेरिकेसारखी मर्यादा घातली नसता न्यायालयाने ती अन्य कलमात ओढून आणू नये, असे मत न्यायालयाने व्यक्त केले.

१९६२ साली खरक सिंग प्रकरणात दुसरी पायरी आली. संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम न्यायालयाने अनुच्छेद २१ खाली रद्द केला. पण खाजगीपणाचा स्वतंत्र मूलभूत हक्क बहुमताने मान्य केला नाही. न्या. सुब्बा राव यांनी आपल्या भिन्न मतात तो मान्य केला. भूतपूर्व हैदराबाद संस्थानाच्या राजधानीतून उद्भवलेल्या कॅनरा बँक प्रकरणात २००४ साली न्यायालयाने तिसरी पायरी गाठली. मुद्रांक कायद्यातील आंध्र प्रदेशच्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्याने अधिकृत केलेल्या कोणाही व्यक्तीस कागदपत्रांच्या शोधासाठी आत शिरण्याची मुभा दिली होती. ती टिकली नाही. कागद बँकेच्या ताब्यात गेला म्हणून त्यावरील ग्राहकाचा खाजगीपणा संपत नाही, कारण हे संरक्षण जागेचे नसून माणसाचे आहे, हे त्या निकालाचे सार. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले आणि १९५४ व १९६२ च्या निकालांतील विरोधी विधाने रद्द ठरविली. राज्याच्या हस्तक्षेपास कायद्याचा आधार हवा, त्याचा हेतू वैध हवा, आणि हेतू व उपाय यांत प्रमाण हवे, या कसोट्या आता झडतीसही लागू पडतात.

सुमारे सत्तर वर्षांच्या वळशानंतर गळालेल्या कलमाचा आशय अशा रीतीने घटनेत परतला. परंतु एक दरवाजा उघडाच राहिला. बेकायदा झडतीत सापडलेल्या वस्तूचे काय? अमेरिकेत असा पुरावा सामान्यतः वगळला जातो. भारतात १९७३ च्या पूरणमल प्रकरणापासून नियम असा की, पुरावा प्रस्तुत असेल तर केवळ झडती बेकायदा होती म्हणून तो बाद होत नाही. अंमली पदार्थांच्या कायद्यातील अंगझडती हा एक ठळक अपवाद. राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क संशयितास कळविला नसेल, तर केवळ त्या मुद्देमालावर आधारलेली शिक्षा टिकत नाही, हे १९९९ च्या बलदेव सिंग प्रकरणात घटनापीठाने सांगितले. २०१० साली दुसऱ्या घटनापीठाने त्याचे काटेकोर पालन आवश्यक ठरविले. या अपवादाचे मर्म ‘कळविणे’ या क्रियापदात आहे, आणि कळविणे ही भाषिक क्रिया आहे.

सर्वसाधारण प्रकरणात मात्र झडती बेकायदा ठरली तरी वस्तू पुराव्यात राहते. म्हणून बचावाचा खरा प्रश्न उरतो तो एवढाच : ती वस्तू तेथे खरोखर होती काय? या प्रश्नाचे उत्तर पंचनाम्यात शोधावे लागते.

४. कायद्याचा कागद आणि पंचांचा आवाज

संहितेने अधिकाऱ्यावर घातलेली बंधने बहुतांशी लेखनाची आहेत. वॉरंटाशिवाय तातडीने झडती घ्यावयाची असेल तर आपल्या समजुतीची कारणे आणि शोधावयाची वस्तू अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवली पाहिजे. परिसरातील किमान दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीस बोलावले पाहिजे. जप्त वस्तूंची व त्या जेथे सापडल्या त्या स्थळांची यादी करून त्यावर त्यांच्या सह्या घेतल्या पाहिजेत. घरमालकास हजर राहू दिले पाहिजे व यादीची प्रत दिली पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा पाळून घेतली पाहिजे. साक्षीदारांविषयीचे हे कलम १८९८ च्या संहितेत १०३ वे होते, १९७३ च्या संहितेत १०० वे झाले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पुन्हा १०३ वे झाले आहे. वॉरंटाशिवायच्या झडतीचे १६५ वे कलम आता १८५ वे आहे.

संहितेनुसार यादी तयार करावयाची ती अधिकाऱ्याने. साक्षीदारांनी फक्त सही करावयाची. पण प्रत्यक्षात पंचनामा उघडतो तो ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच’ अशा प्रथमपुरुषी अनेकवचनाने. लेखणी हवालदाराची, आवाज पंचांचा. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोट मालिकेच्या अपिलांत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पंचनाम्याचे प्रयोजन विशद केले. झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संभाव्य लबाडीस आळा घालणे, आणि जे सापडले असे म्हटले जाते ते खरोखर तेथेच होते, बाहेरून आणून ठेवलेले नव्हते, याची खात्री करणे, हे ते प्रयोजन. झडतीची हकीकत जणू पंचांनी स्वतःच लिहिली आहे अशा रीतीने नोंदली जावी, साक्षीदाराच्या जबाबासारखी नव्हे, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे हा आवाजबदल केवळ सवयीचा नाही. कायद्याला तो अभिप्रेत आहे. परंतु ज्याच्या तोंडी ती हकीकत घातली जाते त्याला ती भाषा येत असली पाहिजे, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

या भाषेचे बारकावे साध्या दस्तऐवजाचे नाहीत. तीन क्रियापदांकडे पाहावे. ‘कपाटात मिळून आला’ या वाक्यात कर्ता नाही. कोणी शोधला, प्रथम कोणाच्या हाताला लागला, याचा पत्ता वाक्यरचनाच पुसून टाकते. ‘पोलिसांनी ताब्यात घेतला’ यात कर्ता अधिकारी आहे. ‘घरमालकाने काढून दिला’ यात कर्ता घरमालक आहे. आणि हे तिसरे वाक्य लिहिले की, ती वस्तू तेथे आहे हे त्याला ठाऊक होते, असे आपोआप सूचित होते. पहिल्या वाक्यात वस्तूचे अस्तित्व आहे, तिसऱ्यात माणसाचे ज्ञान आहे. फौजदारी खटल्यात या दोहोंतील अंतर निर्दोषत्व व अपराध यांतील अंतर ठरू शकते. आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून वस्तू सापडल्यास त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो, हा पुरावा कायद्याच्या २७ व्या कलमातील नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तेथे तर आरोपीचे नेमके शब्द काय होते यालाच महत्त्व. मग ते शब्द कोणत्या भाषेत उच्चारले गेले हा प्रश्न गौण कसा मानावा?

शब्दार्थ हा जप्तीच्या कायद्यात निर्णायक ठरतो, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेली. पोलिसांना ‘कोणतीही मालमत्ता’ जप्त करता येते, असे संहिता म्हणते. बँकेतील खाते ही ‘मालमत्ता’ होय काय? १९९९ च्या तापस नियोगी प्रकरणात न्यायालयाने होय म्हटले. जमीन वा इमारत होय काय? २०१९ च्या नेवाडा प्रॉपर्टीज प्रकरणात न्यायालयाने नाही म्हटले. स्थावर मालमत्ता उचलून ताब्यात घेण्याची ही वस्तू नव्हे. ‘जप्ती’ या शब्दातील आवरून ताब्यात घेण्याचा मूळ अर्थ या निकालाशी चांगला जुळतो.

५. नांदेड-लातूरची भाषिक स्थिती

महाराष्ट्राच्या राजभाषा अधिनियमास १९६४ साल उजाडले, आणि जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा म्हणून मराठी १९९८ च्या अधिसूचनेने निश्चित झाली. उर्दू कचेरीच्या काळात जो मराठी शेतकरी कागदापुढे मुका होता, त्याला या बदलाने वाचा मिळाली. ही प्राप्ती मोठी आहे. परंतु तिच्यामुळे एक प्रश्न सुटला तेव्हाच दुसरा दृष्टिआड झाला.

या दोन जिल्ह्यांच्या सीमा तेलंगण व कर्नाटक यांना भिडलेल्या आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगू घरोघर ऐकू येते. देगलूर, उदगीर, निलंगा या बाजूस कानडी. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंडी व कोलामी आहेत. मुखेड, किनवट, अहमदपूर या तालुक्यांतील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. दोन्ही जिल्ह्यांच्या शहरांत दखनी उर्दू आहे. नांदेडमध्ये गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी आहे. यांतील बहुतेकांना बाजारापुरती मराठी येते, हे खरे. पण बाजाराची मराठी आणि पंचनाम्याची मराठी या दोन भिन्न शैली आहेत. ‘सदर इसमाच्या कब्जात वर नमूद वर्णनाचा मुद्देमाल मिळून आला’ या वाक्यातील एकही पद तांड्यावरील दैनंदिन संभाषणात येत नाही. ते घरात मराठीच बोलणाऱ्या शेतमजुरालाही सहज उमगेल असे नाही.

यात एक सामाजिक बाजू आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांवर जन्मजात संशयाचा शिक्का मारला, त्यांतील अनेकांच्या घरभाषा मराठीहून वेगळ्या आहेत. पारध्यांची बोली गुजराती-भिलीच्या गटातील आहे, कैकाड्यांची तमिळशी नाते सांगणारी आहे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ म्हणविले जाऊ लागले. तरी चोरी झाली की पालावर झडती, ही या समाजांची जुनी तक्रार आहे. ज्यांच्या दारात झडती येण्याचा संभव अधिक, त्यांना झडतीचा कागद समजण्याचा संभव कमी, अशी ही विषम स्थिती आहे.

अशा ठिकाणी पंचनाम्याच्या अखेरचे ठराविक वाक्य पाहावे : पंचनामा वाचून दाखविला, तो बरोबर आहे. वाचून दाखविणे आणि समजावून देणे यांत फरक आहे. पहिली क्रिया वाचणाऱ्याकडे पूर्ण होते, दुसरी ऐकणाऱ्याकडे. पंचनाम्याच्या साच्यात पहिलीस जागा आहे, दुसरीस नाही. पुढे जिल्हा न्यायालयातील उलटतपासणीत पंच जेव्हा म्हणतो की, मजकूर आपणास ठाऊक नव्हता, सही तेवढी केली, तेव्हा तो फितूर ठरविला जातो. कित्येकदा तो खरोखर फितूर असेलही. पण कित्येकदा तो प्रथमच सत्य बोलत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आणि या दोहोंत भेद करण्याचे साधन कागदाने न्यायाधीशाच्या हाती ठेवलेले नसते. यात हानी केवळ आरोपीची नाही. झडती प्रामाणिक असेल आणि पंच कागदापासून दुरावला, तर अभियोगही तितकाच पंगू होतो. अपील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले की त्याच मराठी वाक्याचे इंग्रजी भाषांतर होते, आणि मूळ बोलापासून कागद आणखी एक पायरी दूर जातो.

६. अटकेला जे लागू, ते झडतीला का नाही?

हा प्रश्न भारतीय घटनेला अपरिचित नाही. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचा एक आदेश काढला आणि स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली. स्थानबद्ध गृहस्थांना इंग्रजी येत नव्हते; त्यांनी हिंदी भाषांतर मागितले, ते मिळाले नाही. १९६२ च्या या हरिकिसन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता बेकायदा ठरविली. ‘कळविणे’ म्हणजे कागद हाती देणे नव्हे; ज्याला कळवावयाचे त्याला समजेल अशा भाषेत व लिपीत आशय पोचविणे होय, हा त्यातील सिद्धांत. २०१८ साली पुणे पोलिसांनी दिल्लीत केलेल्या एका अटकेत हीच उलट बाजूने प्रत्ययास आली. तेथे कागदपत्रे मराठीत होती आणि ती दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यांना वाचता येत नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने तो हस्तांतर-कोठडीचा आदेश रद्द केला. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सर्व गुन्ह्यांसाठी असे सांगितले की, अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीस समजणाऱ्या भाषेत लेखी दिली गेली पाहिजेत.

याप्रमाणे स्थानबद्धता व अटक यांच्या बाबतीत भाषा हा घटनात्मक हक्काचा घटक ठरला आहे. त्याचा आधार अनुच्छेद २२ मधील ‘कळविणे’ हाच शब्द. झडतीस असे स्वतंत्र कलम नाही. ते १९४८ साली गळाले. यादीची प्रत दिली पाहिजे एवढेच संहिता म्हणते. ती कोणत्या भाषेत, हे म्हणत नाही. परंतु २०१७ नंतर झडती ही अनुच्छेद २१ च्या कक्षेत निर्विवादपणे आली असता, तिच्या प्रक्रियेतील प्रत सार्थ असली पाहिजे, हा निष्कर्ष दूरचा वाटत नाही. जी यादी घरमालकास वाचता येत नाही तिच्यावर त्याने आक्षेप कसा घ्यावा?

नव्या संहितेने एक साधन पुरविले आहे. १०५ व्या कलमान्वये झडती व जप्तीची संपूर्ण कार्यवाही, यादी करणे व साक्षीदारांच्या सह्या यांसह, दृक्‌-श्राव्य साधनाने, शक्यतो मोबाईलवर, नोंदविणे आवश्यक आहे, आणि ते मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे आहे. या तरतुदीची चर्चा बहुधा चित्राच्या अंगाने होते : वस्तू कोठून निघाली, कोणाच्या हाताने निघाली. ‘मिळून आला’ या वाक्यातील हरवलेला कर्ता चित्रात दिसू शकतो, हे खरेच. पण त्याच मुद्रणात आवाजही असतो. पंचांना काय सांगितले गेले, कोणत्या भाषेत सांगितले गेले, घरमालक काय म्हणाला आणि कागदावर काय उतरले, याची तुलना आता प्रथमच शक्य झाली आहे. मात्र मुद्रणातील गोरमाटी, तेलुगू वा कैकाडी बोलणे समजणारा कोणी न्यायालयात असला पाहिजे. या बोलींचे विश्वसनीय दुभाषे, त्यांतील व्यवहारशब्दांचे संग्रह आणि पंचनाम्याच्या साच्याची सुगम पर्यायी रचना ही कामे विधिज्ञांइतकीच भाषाभ्यासकांच्या वाट्याची आहेत, आणि त्यासाठी लागणारी सामग्री याच दोन जिल्ह्यांत, विद्यापीठाच्या दारापासून फार दूर नाही.

उपसंहार

भारतातील झडतीवरील मर्यादा प्रथम घटनेत आली नाही, नंतर संहितेत राहिली, आणि न्यायालयांच्या दीर्घ वळशाने पुन्हा घटनेत परतली. या साऱ्या प्रवासात तिचे रोजचे ओझे वाहिले ते एका कागदाने. तो कागद लिहितो एक, बोलतो दुसरा आणि भोगतो तिसरा; या तिघांची भाषा एक नसेल, तर मर्यादा कागदावर पाळली जाऊनही प्रत्यक्षात पाळली गेली नाही असे होऊ शकते.

येथे ‘झडती’ शब्दाचा जुना अर्थ पुन्हा आठवतो. हिशेब तपासणे, हा तो अर्थ. घटनात्मक मर्यादेचे मर्म याहून वेगळे नाही. जो अधिकारी दुसऱ्याच्या घराची झडती घेतो, त्याने आपल्या कृतीचाही हिशेब दिला पाहिजे. आणि हिशेब ज्याला द्यावयाचा त्याला तो समजेल अशा भाषेत दिला, तरच तो दिला असे म्हणता येईल.